शाल एकाच खांद्यावर

युवा महोत्सवात तुम्ही कधी भाग घेतला असेल, किंवा मित्रासाठी टाळ्या वाजवायला जाऊन बसला असाल, तर नियमांचा तो कागद तुमच्या नजरेखालून गेला असेल. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात ‘शास्त्रीय गायन – एकल’ असा एक प्रकार असतो. वेळ दहा मिनिटं. हिंदुस्थानी किंवा कर्नाटक, दोन्ही चालतं. सिनेमातली गाणी चालत नाहीत. आणि त्याच यादीत आणखी एक ओळ असते : साथीदार जास्तीत जास्त दोन.

म्हणजे एकल गायनाला मंचावर माणसं तीन. निकाल लागतो तेव्हा नाव एकाचं पुकारलं जातं, पदक एकाच्या गळ्यात पडतं, आणि तबला-पेटीवाले तोवर आपली वाद्यं कव्हरात घालत असतात. यात कुणाला काही खटकत नाही. साथीदारांनाही बहुधा नाही, कारण त्यांना पुढच्या कॉलेजच्या स्पर्धकाबरोबर बसायचं असतं.

मला मात्र तो नियम वाचल्यापासून एक प्रश्न सोडत नाही. जे गाणं एकट्याने होतच नाही, त्याचा सन्मान एकट्याला देणं न्याय्य आहे का? ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. इथे इमारतीच्या तळमजल्यावर, कुणाच्या तरी हॉलमध्ये, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात गाण्याचे क्लास चालतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढत मुलं मोठी होतात. त्यातल्या प्रत्येक गाणाऱ्या मुलामागे तबल्याची जोडी खांद्याला लावून लोकलच्या गर्दीत स्वतःला कोंबणारा एक मुलगा असतो. दोघांची मेहनत एकाच गाण्यात जाते. पुढे एकाला ‘कलाकार’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘साथीला कोण आहे?’ या प्रश्नाचं उत्तर.

देवगिरीचा हिशेब

‘एकल’ हा शब्द स्पर्धेच्या आयोजकांनी इंग्रजीवरून पाडलेला नाही. तो आपल्याकडे निदान आठशे वर्षं जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात त्याने गायकांचे तीन प्रकार सांगितले आहेत : एकल, यमल आणि वृंद. एकटा गाणारा, जोडीने गाणारा आणि समूहात गाणारा.

पण हाच शार्ङ्गदेव वृंदाचं वर्णन करताना माणसं मोजायला बसतो. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले. बासरी आणि मृदंग त्याच्या मोजणीतून सुटत नाहीत. यावरून मला वाटतं की त्याच्या ‘एकल’चा अर्थ गळा एक, एवढाच घ्यावा. गाणं एका माणसाने घडवलं, असा दावा त्या शब्दात नाही. तो दावा नंतर आला, आणि तो कसा आला हे पाहण्यासारखं आहे.

त्याआधी साथ म्हणजे नेमकं काय काम, ते थोडं बघू. विलंबित ख्यालात एकतालाचं एक आवर्तन सहज मिनिटभर चालू शकतं. त्या मिनिटात गायक मात्रा मोजत बसत नाही. तो रागात हिंडत असतो, आणि समेवर कधी परतायचं याचा अंदाज त्याला ठेक्यावरून मिळतो. तबलजीचे हात शिवशिवत असतात, त्याला कितीतरी वाजवता येत असतं, पण तो बारा मात्रा शांतपणे, सारख्या अंतराने ठेवत जातो. गायक श्वास घेतो तेव्हा पेटी त्याचा शेवटचा स्वर धरून ठेवते, म्हणून आपल्याला गाणं तुटल्यासारखं वाटत नाही. मागे तंबोऱ्यावर बसलेली शिष्या तासभर तारा छेडत राहते. गुरूचा दम लागला की एखादी जागा हळूच भरते आणि लगेच मागे सरते.

या सगळ्या कामांचा गुण असा की ती चांगली झाली तर लक्षात येत नाहीत. ठेका डळमळला तरच आपण तबल्याकडे बघतो. पेटी चुकीच्या स्वरावर गेली तरच पेटीवाल्याकडे मान वळते. पुरस्कार मात्र जे दिसतं त्यालाच मिळतो. न दिसण्यात ज्याचं कौशल्य आहे, त्याला शोधून काढणारी समिती अजून बसायची आहे. अन्याय कुणी मुद्दाम केला असं नाही. पुरस्कार या गोष्टीच्या घडणीतच तो आहे.

पदवीपासून पुरस्कारापर्यंत

मराठी मुलखात गायकाचा गौरव करण्याची सगळ्यांत लाडकी रीत म्हणजे त्याचं नावच बदलून टाकणं. नारायण राजहंस नावाच्या मुलाला लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं असं सांगतात, आणि मग राजहंस हे आडनाव चरित्रात उरलं. रामभाऊ कुंदगोळकरांना दादासाहेब खापर्ड्यांनी ‘सवाई गंधर्व’ केलं. सौदागर गोरे ‘छोटा गंधर्व’ झाले, शिवपुत्र कोमकली ‘कुमार गंधर्व’. भास्करबुवा बखले ‘देवगंधर्व’. या पदव्यांना रक्कम नव्हती, समिती नव्हती, अर्जाची शेवटची तारीख नव्हती. कुणीतरी म्हणायचं आणि लोकांना पटलं तर ते टिकायचं. लोक आईबापांनी ठेवलेलं नाव विसरले की पुरस्कार पक्का झाला म्हणायचं.

केसरबाई केरकरांना १९४८ साली कलकत्त्याच्या एका रसिक समितीने ‘सूरश्री’ पदवी दिली. पुढे १९५२ मध्ये संगीत नाटक अकादमी स्थापन झाली आणि स्वतंत्र देशाने कलावंतांना मानायची एक सरकारी पद्धत घालून दिली. दरबार गेले होते. गायकाला पोसणारा राजा उरला नव्हता, आणि पोसण्याच्या जागी गौरवणं आलं. केसरबाईंना १९५३ मध्ये अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोगूबाई कुर्डीकरांना तो १९६८ मध्ये मिळाला, मल्लिकार्जुन मन्सूरांना १९७१ मध्ये, गंगूबाई हनगलांना १९७३ मध्ये. अकादमीने वाद्यांना वगळलं नाही, हे नोंदवलं पाहिजे. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत अनेक वर्षं साथ केलेले तबल्याचे उस्ताद अहमदजान थिरकवा हे तिच्या अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांपैकी एक.

पेटीच्या वाट्याला मात्र वेगळा काळ आला. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे स्वर ठरावीक पट्ट्यांत अडकलेले, तिच्यावर मींड निघत नाही, ती परकी आहे, असे आक्षेप होते. त्यांत तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. पण मैफलींत बहुतेक गायक पेटीच घेऊन बसत होते. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. तीन दशकं हे वाद्य घराघरांत वाजत होतं आणि देशाच्या रेडिओवर नव्हतं. अप्पा जळगावकरांना अकादमीचा पुरस्कार मिळाला २००० साली, तुळशीदास बोरकरांना २००५ साली. ज्यांच्या सुरांवर दोन-तीन पिढ्यांचे गायक विसावले, त्या पेटीवाल्यांच्या खांद्यावर ही शाल यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आणि एक गोष्ट तर पृथ्वीच्या बाहेरची आहे. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अमेरिकेने जी सोनेरी तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांच्या त्या मुद्रणाच्या नोंदीत ‘सूरश्री केसरबाई केरकर’ हे एकच नाव आहे. त्याच यादीत बीथोवनच्या पाचव्या सिंफनीपुढे वाद्यवृंदाचं नाव आहे आणि तो चालवणाऱ्या ओटो क्लेम्परर यांचंही. भैरवीला ठेका देणारा माणूस सूर्यमालेच्या पार गेला, पण नावाशिवाय गेला.

कल्याणहून ठाण्याला जाणारा धागा

आता आपल्या रेल्वेलाइनवर परत येऊ. १९२६ साली कल्याणात ‘कल्याण गायन समाज’ ही संस्था सुरू झाली. तिने गाण्याचे वर्ग चालवले, मैफली केल्या, श्रोते घडवले. या संस्थेच्या संगीत महोत्सवाला ‘देवगंधर्व महोत्सव’ असं नाव आहे, भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ. तिकडे ठाण्यात महापालिका संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या नावाने समारोह भरवते आणि पुरस्कार देते. राम मराठे ठाण्यात राहिले, १९८९ मध्ये गेले, आणि शहराने त्यांचं नाव असं जपलं.

ही दोन नावं शेजारच्या दोन गावांनी आपापली निवडली. पण ती शेजारी ठेवून बघा. भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. आणि मास्टर कृष्णरावांकडे शिकलेल्यांपैकी एक राम मराठे. कल्याणचं नाव आजेगुरूचं आहे आणि ठाण्याचं नातशिष्याचं.

धागा दोन्ही टोकांना आणखी लांबतो. राम मराठे म्हणजे १९३८ च्या ‘गोपाळकृष्ण’मधला बाळकृष्ण आणि १९३९ च्या ‘माणूस’मधला चहावाला पोरगा. मोठेपणी ‘मंदारमाला’ला चाली देणारे आणि रंगभूमी तानांनी दणाणून सोडणारे गायकनट. पण गाणं शिकायला ते एका दारी थांबले नाहीत. मिराशीबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतली, विलायत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडे आग्र्याची. भास्करबुवांचंही तसंच. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तीन उस्तादांकडे ते शिकले आणि तिघांची विद्या त्यांच्या गळ्यात एकत्र नांदली. त्या काळातला एक ब्राह्मण तरुण मुसलमान उस्तादांच्या घरी राहून, त्यांची सेवा करून शिकला, तेव्हा कुठे ‘देवगंधर्व’ हे नाव जन्माला आलं.

म्हणजे ठाण्यात एखाद्या कलावंताला राम मराठ्यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो तेव्हा त्या एका नावात बसलेली माणसं मोजायची म्हटली तर बोटं कमी पडतील. स्मृतिपुरस्कारांची हीच गोष्ट मला आवडते. बाकीचे पुरस्कार म्हणतात, ‘तू मोठा.’ स्मृतिपुरस्कार त्याबरोबर हेही म्हणतो, ‘तुझ्याआधी हा होता.’ गुरूचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतात, तसंच काहीसं एक शहर करतं.

पण हा मान वरच्या दिशेने जातो, गुरूकडे, आजेगुरूकडे. शेजारी बसलेल्याकडे तो जात नाही. आपल्या परंपरेने गुरूचं ऋण मानायला उत्तम भाषा घडवली. साथीदाराचं ऋण मानायची भाषा तिने तेवढ्या मनापासून घडवली नाही. खाली दोन माणसांची आयुष्यं ठेवतो, त्यांतून हे स्पष्ट होईल.

एकाने साथ सोडली, एकीने सोडली नाही

पंडित रामनारायण हे सारंगीचे. जन्म १९२७. दिल्लीच्या आकाशवाणीवर ते गायकांना साथ करायचे. सारंगी गळ्याच्या इतकी जवळ जाते की ती गायकाच्या मागे सावलीसारखी फिरू शकते. रामनारायणांची सावली फारच तेज होती. सावलीने माणसाच्या पुढे जाऊ नये ही अपेक्षा त्यांना जाचू लागली. १९४९ मध्ये ते मुंबईला आले. १९५४ मध्ये कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्यांनी एकट्याने सारंगी वाजवून पाहिली. श्रोते मोठमोठ्या नावांची वाट बघत होते, त्यांना धीर निघाला नाही, आणि प्रयोग फसला. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा वाजवलं आणि या वेळी लोकांनी ऐकलं. मग त्यांनी साथ करणं सोडून दिलं. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबईत ते गेले तेव्हा एकल सारंगीला जगाच्या मंचावर नेणारा माणूस म्हणून सगळ्यांनी त्यांना निरोप दिला.

त्यांच्या यशाबद्दल आनंदच वाटतो. पण त्या यशाची अट बघा. सन्मान मिळवायचा तर त्यांना साथ सोडावी लागली. साथीत राहून ते तितकेच मोठे वादक होते, हात तेच होते, कान तेच होते. आणि दरम्यान गायकांच्या शेजारची सारंगीची जागा बहुतांशी पेटीने घेतली. सारंगीने साथ सोडण्याची कारणं अनेक आहेत, पण एक कारण साधं आहे : जिथे मान नाही तिथे आपलं पोर बसवायला कोण तयार होईल?

दुसरं आयुष्य कृष्णा हनगल यांचं. गंगूबाई हनगलांची ही मुलगी. गंगूबाईंचं गाणं तुम्ही ऐकलं असेल तर कृष्णाबाईंचंही ऐकलं आहे, कदाचित नकळत. आई गात असायची आणि तिच्या जोडीने, अर्धा श्वास मागे राहून, मुलगी गात असायची. आईने सोडलेला स्वर उचलायची, पुढची जागा दाखवून थांबायची, आई परत आली की गप्प व्हायची. अनेक ध्वनिमुद्रणांत हे दोन आवाज वेगळे काढता येत नाहीत. २००२ मध्ये गंगूबाईंना पद्मविभूषण मिळालं. २००४ मध्ये कृष्णाबाई आईच्या आधी गेल्या.

कृष्णाबाईंवर अन्याय झाला, असं मी इथे म्हणणार नाही. त्यांचं आयुष्य त्यांचं होतं, आणि आईच्या गाण्यात आपला आवाज विरघळवून टाकण्यात एखाद्याला पूर्ण समाधान मिळू शकतं. पण आपल्यापुढे प्रश्न उरतोच. ज्या गाण्याला देशाने सन्मान दिला, त्या गाण्यात दोन गळे होते. आपण कौतुक केलं ते गाण्याचं की गायिकेचं?

बासरी कुणाची?

अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ च्या पुस्तकात एक छोटं उदाहरण दिलं आहे. तीन मुलं आणि एक बासरी. एक मुलगी म्हणते, मलाच द्या, कारण तिघांत मलाच ती वाजवता येते. एक मुलगा म्हणतो, मला द्या, माझ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. तिसरी म्हणते, मला द्या, ही मी महिनोन्‌महिने खपून बनवली आहे. सेन म्हणतात, तिघांचं म्हणणं पटण्यासारखं आहे आणि एकाच सूत्राने निकाल लावता येत नाही.

पुरस्काराच्या बाबतीत आपण निकाल कधीच लावून टाकला आहे. बासरी वाजवणाऱ्याची. बनवणारा आणि गरजू, दोघांनी टाळ्या वाजवायच्या.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे, तो टाळून चालणार नाही. मैफलीत राग कोणता गायचा, कधी वाढवायचा, कुठे थांबायचं, हे गायक ठरवतो. गाणं फसलं तर दुसऱ्या दिवशी लोक ‘पेटीवाल्याने घोळ केला’ असं म्हणत नाहीत, ‘आज बाईंचं गाणं जमलं नाही’ असं म्हणतात. अपयशाची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, यशाचा मानही त्याचाच. शिवाय सगळ्यांनाच द्यायचं म्हटलं तर पुरस्काराला अर्थ काय उरेल? तंबोरा जुळवणारा, माइक लावणारा, चहा आणणारा, अशी यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाईल.

पहिला मुद्दा मला मान्य आहे. गाण्याचा धोका पत्करणाऱ्याला मोठा मान मिळावा, यात गैर काही नाही. पण त्यातून ‘सगळा मान’ निघत नाही. जबाबदारी आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर कर्त्याच्या नावावर असतं, म्हणून ते त्याने एकट्याने बांधलेलं नसतं, आणि गवंड्याला मजुरी दिली म्हणून त्याचा हात भिंतीतून निघून जात नाही. साथीदाराला मानधन मिळतं हे खरं. मानधनाने वेळेची भरपाई होते. गाण्यात त्याचा वाटा होता ही वस्तुस्थिती मानधनाने मिटत नाही, आणि ती बोलून दाखवायची राहिली तर ती एक प्रकारची थकबाकी असते.

दुसऱ्या मुद्द्याला, यादी कुठे थांबवायची याला, उत्तर साताऱ्यापलीकडे नाही तर सातासमुद्रापलीकडे सापडतं. अमेरिकेत १९५९ मध्ये ग्रॅमी पुरस्कार सुरू झाले तेव्हा त्यांत पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या एकल गायनाचा वेगळा विभाग होता. त्याच्या नावातच कंसात लिहिलेलं होतं : वाद्यवृंदासह किंवा वाद्यवृंदाशिवाय. पहिला मान इटलीच्या रेनाटा तेबाल्दींना मिळाला. विभागाचं नाव पुढे अनेकदा बदललं. आज तो एकल गायनाच्या अल्बमचा पुरस्कार आहे, आणि निम्म्याहून अधिक अल्बममध्ये साथ करणारा पियानोवादक किंवा वाद्यवृंदाचा संचालक, निर्माता आणि ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ यांनाही गायकाबरोबर मानकरी धरलं जातं. ‘एकल’ हा शब्द त्यांनी काढला नाही. त्याच्या पोटात किती माणसं आहेत ते मोजलं, आणि कुठे थांबायचं यासाठी एक साधी रेघ मारली. मोजणं अशक्य नसतं, मोजायचं ठरवावं लागतं. देवगिरीला बसून शार्ङ्गदेवाने तेच केलं होतं.

मोजण्यावरून आणखी एक आक्षेप आठवतो, तो सर्वांत खोलवर जाणारा आहे. सतारवादक उस्ताद विलायत खाँ यांनी १९६४ मध्ये पद्मश्री नाकारली, १९६८ मध्ये पद्मभूषण नाकारलं आणि २००० मध्ये पद्मविभूषणही. त्यांचं म्हणणं होतं की माझं संगीत जोखण्याची पात्रता समितीकडे नाही. त्यात अहंकार होता असं म्हणता येईल. पण प्रश्न खराच आहे. गाणं कळतं कुणाला? माझं उत्तर असं, की त्या क्षणी ते सर्वांत जास्त कळतं शेजारी बसलेल्याला. गायक आता कुठे वळणार हे तबलजीला अर्धी मात्रा आधी कळलेलं असतं, नाहीतर साथ होऊच शकत नाही. गायकाला मिळणारी पहिली खरी दाद पेटीवाल्याच्या मानेची असते. एका अर्थाने रोजच्या मैफलीची परीक्षक समिती मंचावरच बसलेली असते, आणि आपण तिला कधी मत विचारत नाही.

मग करायचं काय?

पुरस्कार बंद करा, असं मी म्हणणार नाही. पुरस्कारामुळे एखाद्या वयस्क गायिकेकडे शहराचं लक्ष जातं, तिच्या औषधपाण्याला हातभार लागतो, डोंबिवलीतल्या एखाद्या मुलीला वाटतं की या वाटेने जाता येतं. या गोष्टी लहान नाहीत. शाल काढून घेतल्याने दुसऱ्या कुणाची थंडी जाणार नाही.

पण एकल गायनाचा पुरस्कार देताना मानपत्रात आणखी चार ओळी लिहायला काय हरकत आहे? इतकी वर्षं यांना तबल्याची साथ कुणी केली, पेटीवर कोण होतं, तंबोऱ्यावर कोण बसलं. ही माहिती सत्कारमूर्तीला तोंडपाठ असते, फक्त विचारायला हवी. स्पर्धेच्या निकालपत्रात विजेत्याच्या नावाखाली दोन साथीदारांची नावं छापायला शाई जास्त लागत नाही. काही मंडळी हे करतातही. मोठे गायक गाणं संपल्यावर स्वतः साथीदारांची नावं सांगतात, आणि ती सांगताना सभागृहात जी टाळी पडते ती ऐकण्यासारखी असते. ही रीत चांगुलपणावर सोडायची की नियमात घालायची, एवढंच ठरवायचं आहे. मला ती नियमात हवी. चांगुलपणा माणसागणिक बदलतो, छापील रकाना बदलत नाही.

आणि आपण, म्हणजे मोबाइलवर गाणं ऐकणारे लोक? आपल्या हातात एक गोष्ट आहे जी समितीच्या हातात नाही. आज मैफलीचा व्हिडिओ कुणीतरी श्रोताच काढतो, त्याची रील कुणीतरी श्रोताच करतो, आणि खाली नाव लिहिणारा अंगठाही त्याचाच असतो. चौकट गायकाच्या चेहऱ्यावर धरली की तबलजीचा एक हात आणि पेटीचा एक कोपरा तेवढा दिसतो. पुढच्या वेळी गडकरी रंगायतनमध्ये, अत्रे रंगमंदिरात किंवा फुले कलामंदिरात जाल तेव्हा फोन थोडा मागे घ्या, तिघं मावतील इतका. साथीदाराचं नाव निवेदकाने घाईत सांगितलं असेल आणि ऐकू आलं नसेल, तर मध्यंतरात जाऊन विचारा. तो बहुधा चहाच्या रांगेत तुमच्या पुढेच उभा असेल. नाव सांगताना त्याला थोडं आश्चर्य वाटेल. ते बरोबर लिहून घ्या, आडनावासकट.